हिरवा सोडून कुठलाही रंग

डामडौल भाड्याने देणं हा माझा धंदा होता. कमान, कनात, झालर, सिंहासनासारख्या दिसणाऱ्या दोन खुर्च्या आणि लांबून संगमरवर वाटेल असा थर्माकोल. आता धंदा मुलगी बघते. ती त्याला 'इव्हेंट' म्हणते, आम्ही मांडव म्हणायचो. इव्हेंटवाल्याला काळा शर्ट घालावा लागतो आणि कानात वायर अडकवावी लागते, याहून जास्त फरक मला अजून सापडलेला नाही.

बाहेरच्यांना मांडव पुढून दिसतो, आम्ही तो मागून बघतो. मागून सगळे मांडव सारखे असतात: बांबू, सुतळी आणि पडद्याआड बसून विडी ओढणारा वायरमन. नवी मुंबईत जिकडेतिकडे पेव्हर ब्लॉक बसले तेव्हापासून खड्डे खणता येत नाहीत. मग तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरायची, त्यात बांबू रोवायचे आणि पुढच्या बाजूने डब्यांना साटीनचे घागरे नेसवायचे. एखादा पुढारी त्या मांडवात उभा राहून आपल्या पक्षाच्या भक्कम पायाबद्दल बोलायला लागला की माझी नजर आपोआप डब्यांकडे जायची.

मी मूळचा लातूरकडचा, बौद्ध. आडनाव गायकवाड. हे आडनाव धंद्यात फार कामाला आलं, कारण त्यावरून कुणालाच नक्की काही कळत नाही. गायकवाड मराठ्यांत असतात, आमच्यात असतात, एकदोन ख्रिश्चनही भेटले. मग गिऱ्हाईक पुढची चौकशी करतं, आणि ती कशी करतं यावरून ते कुठलं आहे ते मला कळायचं. मराठवाड्यातला माणूस सरळ 'कुठले गायकवाड?' असं विचारतो. साताऱ्याकडचा सोयरीक कुठे झाली ते विचारतो. कोकणातला आधी गाव विचारतो, मग वाडी, आणि वाडी कळली की त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. मुंबईत वाढलेला माणूस असलं काही विचारत नाही. तो फक्त म्हणतो, 'जेवणाचं तुमच्याकडे नाही ना? डेकोरेशनच ना?'

उत्तर ऐकून कुणी मांडव रद्द केला, असं फारसं झालं नाही. बांबूला विटाळ नसतो हे सगळ्या जिल्ह्यांना मान्य होतं. कपड्याचं मात्र तसं नाही. वाशीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला विचारलं की छताचा हा पांढरा कपडा याआधी कुठे लागला होता. मी खरं ते सांगितलं: गेल्या आठवड्यात चर्चमध्ये, त्याआधी उरुसाला, त्याआधी दिघ्याला जयंतीला आणि त्याच्याआधी तुमच्याच सत्यनारायणाला. ते म्हणाले, मग जरा धुऊन आणा. मी विचारलं, कुठपर्यंत धुऊ?

त्याच वाशीत बंगाली लोकांच्या दुर्गापूजेला कापडाचं देऊळ उभारायला मेदिनीपूरकडचे कारागीर येत. त्यांत निम्मे मुसलमान. देवळाचा कळस हसन नावाचा माणूस बांधायचा आणि समितीचे बाबूलोक त्याच्याशी एकाच गोष्टीवरून भांडायचे, ती म्हणजे कळस डावीकडे कलला आहे. ह्याच हसनला मी एका गणेशोत्सवाच्या कामावर पाठवलं तर मंडळाच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. कारागीर उत्तम आहे म्हणाले, फक्त त्याला बंड्या म्हणून हाक मारत जा. हसन उत्सवभर बंड्या झाला. त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं तो म्हणायचा. मला वाटायचं, पण मीही त्याला बंड्याच म्हणत होतो.

नेरुळच्या मल्याळी मंडळींच्या ओणमला चर्चचे फादर, देवळाचे सचिव आणि मशिदीचे उस्ताद एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेले मी पाहिलेत. धर्मावरून त्यांच्यात अवाक्षर निघालं नाही. पायसम दोन प्रकारचं करावं की तीन, यावरून मात्र समिती फुटता फुटता राहिली. बोनकोड्याच्या एका वयस्कर आगरी गृहस्थांनी तर खाडीकडच्या दर्ग्याच्या उरुसाला स्वतः येऊन मांडव सांगितला. मी म्हटलं, तुम्ही कसे काय? ते म्हणाले, "बाबा आमचा हाय. मिठागरं होती तवापासून राखन करतो. त्याचा धरम आमी कदी इचारला नाय, त्यानं आमचा इचारला नाय." हेच गृहस्थ खोली भाड्याने देताना बिहारच्या माणसाची चौकशी त्याच्या पणजोबांपर्यंत नेत.

असं बरंच बघून माझा एक कच्चा सिद्धान्त तयार झालाय. माणसाचं आपल्या मुलखातल्या थोडक्या लोकांशी बरं जमतं. त्यांच्याशी भांडायचं कसं आणि जेवायचं कसं, हे त्याला वाडवडलांनी शिकवलेलं असतं. त्याला उचलून दुसऱ्या मुलखात ठेवलं की तो ते शिक्षण विसरतो, किंवा विसरल्यासारखं करतो. कोपरखैरण्याच्या जगताप बापूंची गोष्ट त्यासाठीच सांगतो आहे.

बापू म्हणजे तिथल्या एका जुन्या सोसायटीचे चेअरमन. मूळ गाव साताऱ्याकडे, माण तालुक्यात. कांदा-बटाटा मार्केटात माथाड्यांच्या टोळीचे मुकादम म्हणून आयुष्य काढलेलं, आवाज त्याच मापाचा. त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर अब्बास मुलाणी राहायचे. तेही माणचेच, शेजारच्या गावचे. त्यांचा टेम्पो मार्केटातच चालायचा. बापूंच्या टोळीने माल भरायचा आणि अब्बासभाईंनी तो पोचवायचा, असं निम्मं आयुष्य दोघांनी एकत्र काढलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या भागात जत्रेचं बोकड मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय कापत नाहीत. तो त्याचा मान. मोहरमला गावात पीर बसतात, तेव्हा त्यांना पाटला-जगतापांचा खांदा लागतो आणि मराठ्यांच्या घराघरांतून गुळाचे चोंगे करून नेतात. बापूंच्या थोरल्या मुलाच्या लग्नानंतर देवाचं बोकड झालं, त्याला मुद्दाम अब्बासभाईंना गावी नेलं होतं. त्यामुळे अब्बासभाईंची मुलगी यास्मिन हिचं लग्न ठरलं, तेव्हा सोसायटीच्या मैदानात मांडव घालायला बापू नाही म्हणतील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बापू नाही म्हणाले.

अब्बासभाई माझ्या गोडाऊनवर येऊन बसले. त्यांची अडचण हॉलची नव्हती, हॉल पुष्कळ होते. मुलगी ज्या दारात खेळली त्या दारातून जावी, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यातून एक घोटाळा त्यांनी स्वतःच करून ठेवला होता. व्याही दापोलीकडचे, कोकणी मुसलमान, घराणं मोठं. बोलणी करताना अब्बासभाईंनी त्यांना छाती काढून सांगितलं होतं की आमची सगळी बिल्डिंग घरच्यासारखी, लग्न आमच्या दारातच होणार. आता हॉल घेतला तर दापोलीला काय सांगायचं?

मी बापूंकडे गेलो. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "गायकवाड, माझं काय न्हाई. अब्बास माझाच माणूस हाय. पर गावाकडची गोष्ट येगळी. हितं धा जिल्ह्यांची माणसं राहत्यात. त्यास्नी चालंल व्हय?"

आमच्या धंद्यात एक शिरस्ता आहे. ज्याच्या खिडकीवर कनात येणार, त्याला आधी जाऊन विचारायचं. नाही विचारलं तर ऐन कार्यात तो खिडकीतून मोरीचं पाणी सोडतो. त्या शिरस्त्याप्रमाणे मी तळमजल्यावरची घरं विचारायला घेतली. जळगावचे एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, आमच्या खानदेशात असलं काही नसतं हो, पण ह्या सातारकरांचं सांगता येत नाही. त्यांच्या शेजारी राजापूरच्या एक काकू. त्यांच्या गावी शेजार सगळा मुसलमानांचाच, गणपतीत फुलं आणून द्यायला तेच. काकूंना काही हरकत नव्हती, पण हे घाटी लोक ऐकणार आहेत का, अशी शंका त्यांनी दार अर्धवट लोटून हळूच काढली. सोलापूरचं एक कुटुंब होतं. ते म्हणाले, आमच्या गल्लीत निम्मी घरं त्यांचीच, आम्हाला कसली अडचण, पण कोकणातल्या लोकांना विचारा, ती माणसं आतल्या गाठीची. मी निघताना प्रत्येकाने बजावलं की आमचं नाव सांगू नका.

मी परत बापूंकडे गेलो. म्हटलं, हरकत कुणाचीच नाही. सगळ्यांना दुसऱ्या जिल्ह्याची धास्ती आहे. त्यातही जास्त करून तुमची.

"माझी?" बापू खरंच चकित झाले. "मी काय केलं?"

आतून त्यांच्या मिसेस, ज्यांना अख्खी बिल्डिंग आक्का म्हणते, लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "काय केलं म्हंजी? न्हाई म्हणालासा की."

बापू बराच वेळ मिशीशी खेळले. चेअरमनला सरळ हो म्हणता येत नाही, त्याला अट घालावी लागते. तशी त्यांनी घातली. मांडव घाला, पण हिरवा कपडा नको.

आक्का बाहेर आल्या. "मग पोरीला चुडा कंच्या रंगाचा भरायचा? आन् माझ्या लग्नातला शालू कसला हुता, आठवतंय का?"

"चुड्याचं मी बोललो का? मी मांडवाचं बोललो," बापू म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हिरवा सोडून कुठलाबी रंग लावा."

लग्नसराईचे दिवस होते. धुतलेला, न फाटलेला आणि पुरा पडेल एवढा एकच कपडा माझ्याकडे शिल्लक होता. दिघ्याच्या जयंतीतून आदल्याच दिवशी उतरवून आणलेला. निळाभोर, पांढऱ्या झालरीचा. तो मी लावला. दुसरा मिळालाच नसता असं नाही, पण मी फार शोधला नाही.

बापू पाहणीला आले. मांडवाखाली उभे राहून वर बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी सुतळी कापत होतो.

"निळा?"

"हिरवा सोडून म्हणालात."

जाताना ते एवढंच म्हणाले की उन्हाला बरा आहे. मराठा चेअरमनच्या सोसायटीत मुसलमानाच्या मुलीच्या लग्नाला जयंतीचा मांडव लागला होता, आणि हे प्रत्येकाच्या लक्षात आलं असूनही कुणी चकार शब्द काढला नाही, कारण नेमकी कुणी हरकत घ्यायची हे कुणालाच ठरवता येईना.

लग्नाच्या दिवशी दापोलीच्या दोन बसेस आल्या. नवरा मुलगा जहाजावर इलेक्ट्रिशियन, शांत आणि घामाघूम. खरी सूत्रं त्याच्या काकांकडे. त्यांना सगळे परकार चाचा म्हणत. पांढरेशुभ्र कपडे, अत्तर, आणि कुठल्याही खुर्चीवर बसले तरी ती सिंहासन वाटावी अशी बैठक. असा माणूस भेटला की मला माझ्या भाड्याच्या खुर्च्यांची कीव यायची.

निकाह वेळेत झाला. मग पंगती. अब्बासभाईंच्या भावकीने गावाकडून येऊन मटण केलं होतं. लाल रस्सा, वर बोटभर तर्री, ज्वारीच्या भाकरी आणि मागून भात. बिल्डिंगमधले पुरुष वाढायला होते. जे खात नव्हते त्यांनी पाण्याचे जग घेतले होते. सगळं छान चाललं होतं.

मैदान आधी नाकारलं होतं, ही गोष्ट चाचांच्या कानावर कुणी घातली ते कळलं नाही. अशा गोष्टींना मांडवात पाय फुटतात. चाचा जेवता जेवता थांबले आणि अब्बासभाईंना सगळ्यांदेखत म्हणाले, "भाईजान, तुम्ही तर सांगत होता सगळी बिल्डिंग तुमची. आम्ही ऐकलं, हे मैदान तुम्हाला मागून मागून मिळालंय. मग आमच्या सुनेचं माहेर नक्की आहे कुठे?"

अब्बासभाईंची मान खाली गेली. निकाह झाला होता, तो काही मोडणार नव्हता. पण पाठीशी माहेर असलेली सून आणि नसलेली सून, यांना सासरी एकाच वाटीतून आमटी मिळत नाही, हे त्या मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पडद्यापलीकडच्या पंगतीतल्या बायका पडद्याशी येऊन ऐकायला लागल्या.

समोरच्या पंगतीत बापू बसले होते. हातातली भाकरी त्यांनी ताटात ठेवली आणि उभे राहिले.

"कोण म्हणलं मागून मिळालं? मांडव माझा हाय. ह्या गायकवाडांस्नी मी सांगितलंय. रंग सुदिक मी सांगितला."

शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. मी मान डोलावली. तळमजल्यावरचे जळगावचे मास्तर पाण्याचा जग घेऊन पुढे आले आणि त्यांनीही मान डोलावली. सोलापूरकरांनी तर पहिल्यापासून आपणच आग्रह धरला होता असं सांगितलं. काही क्षणांत ते मैदान देण्यासाठी बिल्डिंगमध्ये जवळजवळ मारामारी झाली होती, असं वातावरण तयार झालं.

चाचा चतुर होते. माघार घ्यायची, पण रिकाम्या हाताने नाही, हे त्यांना येत होतं. ते हसून म्हणाले, "मग हे जेवणपण तुम्हीच सांगितलं असणार. हात घाटी आहे, लगेच कळतो. हे मटण आहे का वणवा?"

घाटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: कोकणातल्या माणसाच्या लेखी सह्याद्रीच्या पलीकडे जन्मलेला प्रत्येक जण घाटी, मग तो मराठा असो, मुलाणी असो की लातूरचा बौद्ध. त्या एका शब्दाने चाचांनी अब्बासभाईंना, बापूंना, मास्तरांना आणि मला एका जातीत बसवलं. जे काम समाजसुधारकांना जमलं नाही ते असं जेवता जेवता झालं. अख्ख्या मांडवात फक्त पडद्याआडून डोकावणाऱ्या राजापूरच्या काकूंचा चेहरा खुलला होता.

बापूंनी बाह्या सारल्या. शेजारच्या पोराच्या हातातली रस्स्याची बादली घेतली आणि चाचांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "आमच्या मांडवातनं पाव्हणा अर्ध्या पोटी उठत न्हाई," म्हणाले आणि पळी उपडी केली.

देशावरचा आग्रह ज्यांनी सोसलेला नाही त्यांना त्याची कल्पना येणार नाही. तिकडे ताटावर हात आडवा धरणं हा नकार मानत नाहीत, तो लाजण्याचा एक प्रकार समजतात. चाचांनी हात धरला, बापूंनी बोटांच्या फटीतून वाढलं. चाचांनी ताट ओढलं, दुसऱ्या बाजूला अब्बासभाई भाकरी घेऊन उभे होते. त्यांची मान आता चांगली वर आली होती. चाचा घाम पुसत जेवले. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, आणि तरी शेवटी त्यांनी स्वतः वाटी पुढे केली. म्हणाले, दुखतं खरं, पण चव आहे. मांडवात जो हशा पिकला त्याने माझी एक कनात सुटली असं मी अजून सांगतो.

इथे थांबलो तर गोष्ट फारच गोड होईल, म्हणून एक सांगून टाकतो. पुढच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या गोरखपूरच्या अन्सारींनी मुलाच्या लग्नाला तेच मैदान मागितलं. बापूंनी नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाले, ती आपल्याकडची माणसं नव्हेत, त्यांच्या चालीरीती आपल्याला ठाऊक नाहीत. मी अब्बासभाईंकडे बघितलं. अब्बासभाई म्हणाले, बापूंचं बरोबर आहे, ती भैया लोकं, त्यांचं वेगळं असतं. मैदान त्यांना शेवटी मिळालं, पण त्यासाठी मला तळमजला पुन्हा एकदा पालथा घालावा लागला, आणि या खेपेला कुणीही सातारकरांकडे बोट दाखवलं नाही, हरकत ज्याची त्याचीच होती.

तर लग्नाच्या त्या दिवशी संध्याकाळी यास्मिन निघाली. मनगटभर हिरवा चुडा, डोक्यावर ओढणी. आक्कांनी तिची ओटी भरली. आक्का रडल्या, तिची आई रडली, आणि दोघींच्या मध्ये उभ्या राजापूरच्या काकू सगळ्यांत जास्त रडल्या. चाचांनी बापूंचे दोन्ही हात धरले आणि एकदा दापोलीला या म्हणाले, खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं खाऊन दाखवा, मग बघतो कोण कुणाला आग्रह करतं. बापूंनी येतो म्हणून सांगितलं. मुलगी दाराशी थांबली, एकदा वर गॅलऱ्यांकडे बघितलं आणि बसमध्ये चढली.

बसेस गेल्यावर मैदान एकदम मोठं वाटायला लागलं. माझी माणसं खुर्च्या घडी करत होती. त्यातल्या दोन अडवून बापू आणि अब्बासभाई शेजारी शेजारी बसले होते.

मग बापू म्हणाले, "तिकडं समद्यात खोबरं घालत्यात म्हणं."

"व्हय," अब्बासभाई म्हणाले. "आमटीत, भाजीत, भातातबी."

"पोरगी जेवायची कशी?"

"मसाल्याची बरणी दिलीया संगं."

"एक बरणी किती दिस पुरंल?" बापूंनी मान हलवली. त्यांचा आवाज त्यांच्या मापापेक्षा पुष्कळ खाली आला होता. "अब्बास, पोरगं चांगलं हाय, न्हाई म्हणत न्हाई. पर शेवटी परक्यात दिली की रं आपण पोरगी."

अब्बासभाईंनी चष्मा काढून पुसला. "काय करायचं बापू," ते म्हणाले. "आपल्यातलं एकबी चांगलं स्थळ आलं न्हाई."